पाच बाह्यांचा कोट

रविवारी दुकान बंद असतं. बंद दुकानात चोरपावलांनी शिरणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर घरचा. त्या रविवारी दुपारी तिघे शिरले. तिघेही घरचे, आणि तिघांचेही चेहरे चोराचे.

त्यातला एक थोरला, घरातला मुलगा. मागच्या दाराने आला, दिवा न लावता, चपला हातात घेऊन. सदऱ्याच्या आत लाल बनातीची, जाड लोकरी कापडाची, एक बाही होती, उजवी. त्याचे वडील अप्पा, या दुकानाचे शिंपी-मास्तर, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला गेले होते. तेवढ्या वेळात टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक डावी बाही काढायची, तिच्या जागी ही ठेवायची आणि काही झालंच नाही अशा तोंडाने वर जाऊन पडायचं, असा साधा बेत होता. बँडमास्तरचा कोट उद्या संध्याकाळी त्याच्या अंगावर चढवून बघायचा होता, आणि अप्पांनी त्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या.

दोन्ही डाव्या. शिकाऊ माणूससुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो की कापड दुहेरी घातलं म्हणजे डावी-उजवी जोडीनेच निघते, आणि एकेरीवर कापायचं असेल तर नमुना एकदा सुलटा ठेवायचा, एकदा उलटा. अप्पांनी तो दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. बनातीला एकाच अंगाला लव असते, त्यामुळे बाही फिरवून लावायचीही सोय नाही. आणि ही चूक करणारा माणूस कोण? तर ज्याने शिवलेला कोट घालून या शहरातली निम्मी माणसं नोकरीच्या मुलाखतीला गेली आणि उरलेली निम्मी त्यांच्यावर जळली, तो.

शटर खाली असल्यामुळे भरदुपारी आत काळोख. थोरल्याने टेबलावर हात फिरवला. हाताला हात लागला.

“आई गं!”

“शू! मी आहे,” त्याची बायको म्हणाली.

“तू इथे काय करतेस?”

“काजं तपासायला आले.”

“काळोखात?”

“आणि तुम्ही कशाला आलात?”

“मीही... काजंच.”

“जन्मात एक काज केलं नाहीत तुम्ही.” तिने पुढे होऊन त्याच्या सदऱ्यावर बोट टेकवलं. “पोट कधी वाढलं एवढं?”

त्याने बाही बाहेर काढली. तिनेही पदराखालून काढली. दाराच्या फटीतल्या उजेडात दिसलं, दोन्ही लाल, दोन्ही उजव्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. पंधरा वर्षांच्या संसारात एकमेकांची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात मागचं दार पुन्हा करकरलं. दोघं टेबलाखाली गेली. का गेली, ते त्यांनाही सांगता येणार नाही. या घरात काही दिसलं की लपायचं हे अंगवळणी पडलेलं होतं. आत आली ती आत्या, अप्पांची थोरली बहीण. तरुणपणी तिच्या हाताला या दुकानात तोड नव्हती; आता फक्त जिभेला नाही. ती स्वतःशीच पुटपुटत टेबलापाशी आली, पिशवीत हात घातला आणि तिसरी उजवी बाही काढली.

बँडमास्तरने आपलं पोट लक्षात घेऊन कापड सढळ हाताने आणलं होतं, म्हणून बरं.

पुढचं शटर त्याच क्षणी खडखडाट करत सरकन वर गेलं. उन्हाचा लोट आत आला, आणि उन्हात हत्यारांची पिशवी खांद्याला लावून थोरल्याची बहीण, धाकटी उभी. धाकटी लिफ्ट दुरुस्त करते. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे अडकलेल्या माणसाचा चेहरा तिला लांबून ओळखू येतो.

“शटर नीट करायला आले होते,” ती म्हणाली. “आत्या, हातात काय आहे? आणि दादा, टेबलाखालून बाहेर ये. वहिनी, तूसुद्धा. तुझा पदर दिसतोय.”

*

टेबलावर पाच बाह्या मांडल्या गेल्या. दोन डाव्या, तीन उजव्या. धाकटीने त्या एकदा डावीकडून मोजल्या, एकदा उजवीकडून.

“बँडमास्तर काय कोळी आहे का? मला आपलं वाटत होतं तो माणूस आहे.”

“हसू नकोस,” थोरला खेकसला. “अप्पांना कळलं तर त्यांच्या मनाला लागेल. थकलेत ते. वय झालं की होतं असं.”

“वयाने बाही बदलते का रे? वयाने माणूस हळू कापेल, हात थरथरेल. डावी दोनदा कापणार नाही.”

“तू लिफ्टमध्ये बघ. कापडातलं तुला काय कळतं?”

“लिफ्ट एकदा चुकीच्या मजल्यावर थांबली तर मी म्हणते, असेल काहीतरी. दुसऱ्यांदा थांबली की झाकण उघडते. तुम्ही लोक काय करताय? ती तिसऱ्या मजल्यावर थांबली की तिथल्या पाटीवर गुपचूप चार लिहिताय.”

थोरला उगाच इस्त्रीची वायर गुंडाळायला लागला. त्याला बोलायचं नव्हतं असं नाही. गेल्या वर्षी याच टेबलाशी झालेल्या भांडणात धाकटीने त्याला तोंडावर सुनावलं होतं, तुला अप्पांची जागा हवीय. खरंच हवी होती. अर्धं आयुष्य मशीनवर वाकून अप्पांनी कापलेलं शिवण्यात गेलं होतं. एकदा तरी कात्री आपल्या हातात यावी असं कोणाला वाटणार नाही? आणि म्हणूनच आता अप्पांच्या डोक्याबद्दल पहिला शब्द त्याला काढायचा नव्हता. जो काढेल त्याला जागा बळकावायची आहे, असंच सगळे म्हणणार. मग तो प्रत्येक चूक गुपचूप निस्तरत बसला. लोक याला पितृप्रेम म्हणतात. अर्धं असेलही. उरलेलं अर्धं, आपल्याला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून केलेली मेहनत होती.

“वहिनी, तू बोल,” धाकटी म्हणाली. “दिवसभर तू त्यांच्यासमोर बसतेस.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा इस्त्रीकडे बघत होता. आजवर अशा प्रत्येक भांडणात ती नवऱ्याच्या मागे उभी राहिली होती, आणि नणंदेला ते पाठ होतं.

“टेप कुठे ठेवली ते विसरणं वेगळं, वन्सं,” ती हळूच म्हणाली. “ते मीही विसरते. परवा टेप त्यांच्या गळ्यातच होती. गिऱ्हाईक समोर उभं. अप्पांनी टेप हातात घेतली आणि ती कुठल्या टोकाकडून वाचायची ते त्यांना आठवेना. मला म्हणाले, सूनबाई, जरा तू घे, माझी बोटं दुखतायत. बोटं दुखत नव्हती.”

“हे कधी सांगणार होतीस मला?” थोरला म्हणाला.

“तुम्ही कधी सांगणार होतात?”

“पुढे,” धाकटी म्हणाली.

“अंगुस्तानाला ‘ती बोटाची टोपी’ म्हणतात. अस्तर आधी की कॉलर आधी, तिथे थांबून राहतात. सकाळी विचारतात, पाव आणलास का. आणला म्हटलं की ‘बरं’. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, तसंच, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. आणि मी उलटून बोलले की चिडतात. अप्पा आधी कधी चिडायचे? त्यांची थट्टा करताना आम्ही थकायचो, ते नाही.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं. जास्तच.”

“मला वाटलं दोन महिने,” थोरला पुटपुटला.

“काहीही झालेलं नाही!” आत्याने टेबलावर थाप मारली. पाचही बाह्या उडाल्या. “आमच्या घराण्यात डोकी पक्की आहेत. कान जातील, गुडघे जातील, डोकं नाही जात!”

“मग ही तिसरी बाही कोणी कापली, आत्या? गुडघ्याने?”

आत्याने तोंड फिरवलं. तिच्या मनात चाललं होतं ते या पोरांना ठाऊक नव्हतं, कारण ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिचे वडील, या दुकानाचे पहिले मास्तर, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते शेवटी असेच झाले होते. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. तेव्हा घराने काय केलं? मागच्या खोलीत त्यांना एक बोथट कात्री आणि चिंध्यांचं गाठोडं दिलं. “आबा, राजाचा कोट आहे, घाई नाही,” असं सांगायचं. म्हातारा दिवसभर मन लावून चिंध्या कापायचा. गिऱ्हाईक आलं की खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावायची. डॉक्टरचं नाव कोणी काढलं नाही, कारण डॉक्टर म्हणजे बोभाटा. घराण्याचं नाव राहिलं. माणूस बंद दाराआड गेला. अशा घरांना लोक अब्रूदार म्हणतात. त्या शब्दाला कडी कोणी बसवली ते एकदा विचारलं पाहिजे.

“मी वेळ घेऊन ठेवलीय,” धाकटीने सांगून टाकलं. “उद्या सकाळी. मेंदूची डॉक्टर आहे. त्यांच्या इस्पितळातली लिफ्ट मीच बघते. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या. मी वरून दोर सोडत होते आणि त्यांना अप्पांबद्दल विचारत होते.”

“अडकलेल्या बाईला?” थोरला म्हणाला.

“पळून जाता येत नव्हतं त्यांना. सगळं नीट ऐकून घेतलं.”

*

अप्पा सलूनमधून निघाले होते.

खुर्चीत बसल्यावर सलूनवाल्याने नेहमीसारखा गळ्याला टॉवेल बांधला, फेस लावला, वस्तरा फिरवला. अप्पांच्या एक गोष्ट लक्षात आली. वस्तऱ्याचा आवाज येत नव्हता. दाढीवर पातं चाललं की बारीक करकर होते. कात्रीच्या आवाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला ती ऐकू यायलाच हवी. मग कळलं, सलूनवाला वस्तऱ्याची पाठ फिरवतोय. टॉवेल सुटल्यावर अप्पांनी गालाला हात लावला. गुळगुळीत. म्हणजे सकाळी एकदा येऊन गेलो होतो.

सलूनवाला म्हणाला, “या, मास्तर.” अप्पा म्हणाले, “येतो.”

बाहेर आल्यावर कोपऱ्याला दोन रस्ते होते. यातला घराचा कोणता? अप्पांकडे यावर एक युक्ती होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. खाली वाकायचं आणि बुटाची नाडी बांधत बसायचं. कोणीतरी ओळखीचं दिसलं की उठायचं आणि सहज गेल्यासारखं त्याच्या मागोमाग जायचं. आज ओळखीचं कोणी लवकर येईना. नाडी बांधून झाली, सोडून झाली, पुन्हा बांधून झाली. या वयात आपण बूट बांधण्यात जगात पहिले येऊ, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं. हसू ओसरल्यावर जे उरलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नसतं.

मग डावीकडच्या रस्त्यावर एका दुकानाचं शटर उघडं दिसलं. आपलंच. रविवारी उघडं कसं, असं म्हणत ते चालू लागले.

*

अप्पांचे बूट पायरीवर वाजताच दुकानात पळापळ झाली. आत्या एका बाहीवर बसली. थोरल्याने एक पुन्हा सदऱ्यात कोंबली. सुनेने एक इस्त्रीच्या कपड्याखाली ढकलली. धाकटी तेवढी हाताची घडी घालून उभी राहिली. दोन डाव्या टेबलावर तशाच राहिल्या.

अप्पांनी सगळ्यांवर एक नजर टाकली.

“रविवारी सभा? माझ्याशिवाय?”

“सहजच जमलो होतो, अप्पा.”

“अक्का, तू बसतेस तेव्हा असं तिरकं बसत नाहीस. खाली काय आहे?”

“उशी.”

“लाल?”

आत्या उठली. बाही टेबलावर आली. मग थोरल्याची आली, मग सुनेची. अप्पा खुर्ची ओढून बसले आणि बाह्या एकीशेजारी एक लावायला लागले.

“यातली चूक कोणाची?”

“माझी,” थोरला म्हणाला. “ती डावी मी कापली. घाई झाली.”

“त्याची नाही, माझी,” सून म्हणाली. “मी नमुना उलटा करायला विसरले.”

“दोघं खोटं बोलतात. डोळे गेलेत माझे, मीच कापली,” आत्या म्हणाली.

दोन डाव्यांसाठी तीन आरोपी. अप्पांनी एक डावी उचलली, कापलेली कड बोटाखालून नेली. कुठे खाच नाही, दात नाही. कात्री एकदा लागली ती शेवटाला जाऊनच थांबली होती. मग थोरल्याची उजवी घेतली. कड कुरतडल्यासारखी.

“यातल्या सगळ्यात सुंदर कापलेल्या दोन बाह्या कोणत्या?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच बोट ठेवलं. “या दोन. सुंदर आणि चुकीच्या. असं कापणारा या घरात एकच आहे. माझ्या चुका तुम्ही आपल्या नावावर घेता, तेही एवढ्या गबाळ्या हातांनी?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, अप्पा,” सून म्हणाली.

“मला वाईट वाटू नये म्हणून बँडमास्तरला पाच हात लावलेत?”

धाकटीला हसू आवरलं नाही. सुनेलाही नाही. थोरल्याचा चेहरा रडवेला होता पण खांदे हलत होते. आत्या तेवढी कडक बसून होती.

“सलूनवालासुद्धा,” अप्पा म्हणाले. “आत्ता वस्तऱ्याची पाठ फिरवत होता माझ्या तोंडावर. सगळं गाव मिळून माझी काळजी घेतंय, आणि मी एकटा विचार करतोय की मला वेड लागत चाललंय. कोणी एक शब्द बोलत नाही. तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही? मला सगळ्यांच्या आधी कळलं.”

“मग सांगितलं का नाहीस?” आत्या म्हणाली.

“तू आबांचं कोणाला सांगितलंस?”

आत्याचा चेहरा पडला. पोरांनी विचारलं, आबांचं काय? तेव्हा अप्पांनी चिंध्यांची गोष्ट सांगितली. सरळ सांगितली, कोणाला दोष न देता, आणि दाराला कडी कोण लावायचं तेही सांगितलं: पाळीपाळीने, दोघं भावंडं.

“उद्या सकाळी डॉक्टरची वेळ आहे,” धाकटी म्हणाली. “मी घेतलीय. तुम्हाला न विचारता.”

“वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार त्याला!” आत्या उसळली. “आजूबाजूचे काय म्हणतील?”

“आत्या, आजूबाजूचे दाढी दोनदा करून देतायत. त्यांना कळायचं राहिलंय काय?”

थोरला पहिल्यांदाच पुढे आला. “मी येतो बरोबर. सगळ्यांना सांगतो, मीच घेऊन गेलो म्हणून. म्हणू देत काय म्हणायचं ते.”

धाकटीने त्याच्याकडे नीट बघितलं. भावाबद्दलचं एक मत तिने गेलं वर्षभर घट्ट धरून ठेवलं होतं; ते जरा सैल करावं लागणार, असं तिला दिसलं. ते तिला आवडलं नाही.

“येईन,” अप्पा म्हणाले. “एक अट आहे. जे काय निघेल ते आधी मला सांगायचं. बाहेरच्या बाकावर कुजबुजायचं नाही. माझ्या डोक्यातली गोष्ट मला सोडून बाकी सगळ्यांना माहीत, हे आता बस झालं.”

अट कोणी मोडणार नव्हतं. पण ती पाळायची कशी, हेही त्या घरात कोणी शिकलं नव्हतं.

*

डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या आणि त्यांचा आवाज खोलीभर होता. पाच माणसं एकदम आत आलेली पाहून त्यांनी धाकटीकडे बघितलं. “लिफ्टमध्ये सुद्धा एवढे घेत नाहीत.”

“कधीपासून त्रास आहे?” त्यांनी विचारलं.

“दोन महिने.” “काहीही नाही.” “वर्षाच्या वर.” “मला कळलं तेव्हापासून दीड वर्ष,” असं शेवटी अप्पा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना बाहेर बसवलं. अप्पा राहिले, आणि त्यांच्या सांगण्यावरून सून राहिली. थोरल्याला ते लागलं. लागू दे. दिवसभर समोर बसून बघणारी तीच होती.

सून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होती. डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द दिले, लक्षात ठेवा म्हणाल्या: पेन, खिडकी, गाय. मग वार विचारला, महिना विचारला. मग वजाबाकी दिली, आणि अप्पांनी ती झरझर केली, इंचांत.

“इंच कशाला?”

“नुसते आकडे कशाचे मोजायचे, बाई? काहीतरी कापड हवं.”

मग कागद पुढे सरकवला. घड्याळ काढा. अप्पांनी न थांबता एका दमात वर्तुळ काढलं, असं की डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. पुढे आकडे घालायला घेतले. एक, दोन, तीन... बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसले. डावा अर्धा रिकामा. अप्पांनी कागद हातभर लांब धरला, जवळ घेतला.

“माप चुकलंय,” ते म्हणाले. “कुठे ते सांगता येत नाही. पण चुकलंय.”

सुनेने मान खाली घातली. उठून तो कागद हातात घ्यावा, डावीकडे सात-आठ-नऊ हळूच भरून टाकावे, असं तिच्या बोटांना वाटलं. बोटं तिने मांडीखाली घेतली आणि त्यांच्यावर बसून राहिली.

“आता मघाचे तीन शब्द?”

“गाय.” बराच वेळ गेला. “गाय होती. बाकीचे दोघं गायीबरोबर गेले असणार.”

डॉक्टरीणबाई हसल्या, पण मान हलवून पुढचं स्पष्ट बोलल्या, आणि अप्पांकडे बघून बोलल्या. “मी आज नाव देणार नाही. रक्ताच्या तपासण्या करू. थायरॉइड बिघडलं, एखादं जीवनसत्त्व कमी पडलं, मन फार उदास असलं, झोप नसली, तरी असं होतं, आणि ते सुधारता येतं. मेंदूचा फोटो काढू. सध्या कसल्या गोळ्या घेता त्या सगळ्या मला दाखवा.”

“आणि ते काही नसलं तर?”

“तर अल्झायमरची सुरुवात असेल. मला तीच शंका जास्त आहे.”

“बरा होतो?”

“नाही. काही जणांना औषधाने थोडा काळ सावरून धरता येतं. पण आत्ता तुम्ही स्वतः बोलताय, ठरवताय. पुढे काय व्हावं, काय होऊ नये, हे तुम्हीच घरच्यांना आताच सांगून ठेवू शकता. उशिरा येणाऱ्यांना ते जमत नाही.”

“कात्री?”

“हात चांगला आहे तुमचा. काम सोडू नका, एकट्याने करू नका. कोणीतरी शेजारी हवं. आणि तुमची चूक झाली तर तिथेच सांगणारं हवं,” हे मात्र त्या सुनेकडे बघून म्हणाल्या. “मागून निस्तरणारं नको. तुम्ही झाकत गेलात म्हणून मला वर्षभर उशिरा भेटताय.”

अप्पा उठले आणि दार उघडून बाहेरच्या बाकाकडे गेले. आत्या, थोरला, धाकटी एकदम उभी राहिली.

“बसा,” ते म्हणाले. “मी सांगतो.” आणि सांगितलं. मध्ये एक शब्द अडला, तो रोगाच्या नावाचाच. सुनेने ओठ उघडले आणि मिटले. अप्पांनी शोधून शोधून तो स्वतः आणला. आत्याने भावाचा हात धरला आणि पुढे घरी पोचेपर्यंत सोडला नाही. चिडलेय म्हणून धरलाय, असं मात्र दोनदा सांगितलं.

*

संध्याकाळी बँडमास्तर आला. दारातून आधी त्याचं पोट आलं, मग आवाज. “मास्तर, झाला का आमचा कोट?”

थोरल्याने तोंड उघडलं. सबब तयार होती: कापडात डाग निघाला, दोन दिवस द्या. वर्षभर असल्या सबबी शिवून शिवून त्याचा हात त्यात चांगला बसला होता. त्याने अप्पांकडे पाहिलं आणि सबब गिळली.

“नाही झाला,” अप्पा म्हणाले. “मी चुकीचा कापला. डोकं तपासायला दिलंय माझं. बहुतेक विसरण्याचा रोग आहे, वाढत जाणारा.”

बाहेरून जाणारा एक माणूस थांबला. आत्याने डोळे मिटून घेतले. सुनेच्या हातातली सुई जागच्या जागी राहिली. या दुकानात आजवर कोणी गिऱ्हाइकासमोर एवढं खरं बोललेलं नव्हतं.

बँडमास्तरने टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून पुन्हा घातली. “मग आता?”

“आता हा कापेल.” अप्पांनी थोरल्याकडे हनुवटी केली. “मी शेजारी बसेन. तो चुकला तर मी ओरडेन, मी चुकलो तर तो. तुला चालत नसेल तर कापड घेऊन जा, राग नाही.”

बँडमास्तरने पोट आत ओढलं आणि दोन्ही हात बाजूला उचलून धरले, मापासाठी.

अप्पांनी गळ्यातली टेप काढली आणि पुढे केली. थोरल्याला ती किती वर्षं हवी होती, आणि आता हात पुढे होईना. शेवटी त्याने घेतली. बँडमास्तरच्या खांद्याला टोक लावलं, मनगटापर्यंत नेली. आकडा दिसला, पण तो त्याने नुसता पुटपुटला.

“मोठ्याने सांग,” अप्पा म्हणाले. “कान शाबूत आहेत माझे.”